लिंबू, मीठ आणि रंगवलेले गोटे: नदीतून काय कसं वाहत जातं ते मोजायची रीत

त्रिपुरारी पौर्णिमेला गोव्यात साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीच्या पात्रात सजवलेल्या होड्या सोडतात. काठावर उभं राहून ज्यानं हा सोहळा नीट बघितला आहे, त्याला या लेखातलं निम्मं आधीच ठाऊक आहे. दोन होड्या एकाच क्षणी, एकमेकींपासून हातभर अंतरावर सुटतात. एक सरळ मधल्या धारेला लागते, तर दुसरी काठाजवळच्या संथ पाण्यात गोल गोल फिरत बसते. नदी तीच, पाणी तेच, पण दोघींचा प्रवास वेगळा.

नदीत कपड्यांचा साबण गेला, खाणीच्या ढिगाऱ्यावरची तांबडी माती गेली, वेफर्सचं पाकीट गेलं, तर ते सगळं एका वेगानं खाली जात नाही. विरघळलेला साबण पाण्याबरोबर जातो. पाकीट पृष्ठभागावरून जातं आणि वाऱ्याचंही ऐकतं. माती तरंगत, बसत, पुन्हा उठत जाते, आणि वाळू-गोटे तळावरून सरपटत, तेही बहुतेक पावसाळ्यातच. म्हणून ‘नदीचा वेग किती?’ या प्रश्नाला एक उत्तर नसतं. कशाचा वेग, ते आधी ठरवावं लागतं. मग त्या गोष्टीसारखीच वागणारी, पण डोळ्यांना दिसणारी किंवा मोजता येणारी एखादी वस्तू पाण्यात सोडून तिच्या मागे जायचं. या वस्तूला ट्रेसर म्हणतात. ट्रेसर विरघळणारा असेल तर तो विरघळलेल्या पदार्थाची गोष्ट सांगतो, कणांचा असेल तर कणांची. दोघांची गल्लत केली की सगळी मेहनत वाया.

ही रीत जुनी आहे. १८७७ साली जर्मनीत डॅन्यूब नदीच्या पात्रातल्या भेगांत दहा किलो फ्लुओरेसीन हा हिरवा चमकणारा रंग ओतला. साधारण साठ तासांनी तो बारा किलोमीटरवरच्या आख नदीच्या झऱ्यातून बाहेर आला. एका नदीचं पाणी जमिनीखालून दुसरीला मिळतं हे सिद्ध झालं. आपल्याला इतकं मोठं काही करायचं नाही. शाळेचा विज्ञान मंडळाचा गट, कॉलेजचे विद्यार्थी किंवा गावातली नदीवर जीव असलेली चार माणसं दोन दिवसांत करू शकतील एवढंच इथे सांगतो आहे. गोटे मात्र एक अख्खा पावसाळा घेतील.

बादलीची परीक्षा

नदीवर जायच्या आधी घरात एक दिवस काढा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा हा दिवस वाचवला आणि टेबल टेनिसचे वीस चेंडू घेऊन थेट पाण्यात उतरलो. दुपारचे तीन वाजले होते, समुद्राकडून वारा सुटला होता. चेंडू इतके हलके की पाण्यात जेमतेम टेकलेले. त्यातले सात-आठ चक्क प्रवाहाच्या उलट, वरच्या अंगाला गेले. मी त्या दिवशी नदी नव्हे, वारा मोजला. वर ते प्लास्टिकचे चेंडू वेचता वेचता संध्याकाळ झाली, दोन सापडलेच नाहीत.

चांगला तरंगता ट्रेसर जवळजवळ पूर्ण बुडालेला असतो, फक्त माथा वर. म्हणजे वाऱ्याला धरायला काही उरत नाही. परदेशात संत्री वापरतात. संत्रं चांगलंच, पण महाग. आपल्याकडे याहून गमतीशीर चीज आहे: कागदी लिंबू. त्याची घनता पाण्याच्या इतकी जवळ असते की एकाच पिशवीतली काही लिंबं तरंगतात, काही सावकाश तळाला जातात आणि एखाददुसरं मध्येच रेंगाळतं. प्रयोगासाठी यापेक्षा स्वस्त सोय नाही.

नदीचंच पाणी आणून मोठी बादली भरा. नळाचं नको, विहिरीचंही नको. पिकलेली पिवळी लिंबं घ्या, हिरवी पाण्यात दिसत नाहीत. एकेक सोडा आणि तीन ढीग करा. माथा वर काढून तरंगणारी एकीकडे. हात लावून खाली ढकलल्यावर अगदी आळसात वर किंवा खाली जाणारी दुसरीकडे, ही आपली ‘अधांतरी’ लिंबं. धाडकन तळ गाठणारी सरबताला. तरंगणारी वीस, अधांतरी दहा तरी हवीत. अधांतरी कमी पडली तर तरंगणाऱ्या लिंबात छोटा खिळा टोचून बघा, मात्र तो खिळा परत मिळवायची जबाबदारी तुमची. कुळागर (सुपारीची बाग) असलेल्यांनी सालीसकट सुपारीवर हाच प्रयोग करून बघावा. ओली आणि वाळलेली सुपारी वेगळी वागते, त्यामुळे बादली जे सांगेल तेच खरं.

परीक्षा झाली की लगेच दुसऱ्या दिवशी वापरा. लिंबू सुकलं की हलकं होतं आणि ढीग बदलतात.

थर्माकोल, चमकी, प्लास्टिकचे मणी, होळीचे रंग यांतलं काहीही नको. लग्नात उधळलेली चमकी आठवड्यानंतरही केसांत सापडते, मग नदीत तिचं काय होत असेल. फ्लुओरेसीन किंवा रोडामाइन डब्ल्यूटी हे रंग तज्ज्ञ मोजून-मापून वापरतात. बाजारात मिळणारा रोडामाइन बी वेगळा आणि विषारी, नाव सारखं म्हणून तो आणू नका.

जागा आणि वेळ

डिसेंबर ते फेब्रुवारी. पाणी नितळ, गुडघाभर, आणि शाळेच्या परीक्षा अजून लांब. पावसाळ्यात पात्रात उतरायचं नाही, यावर चर्चा नाही. २३ जुलै २०२१ ला सत्तरी तालुक्यात जे पाणी आलं ते ज्यांनी पाहिलं त्यांना हे सांगावं लागत नाही.

पन्नास मीटर तरी सरळ जाणारा पात्राचा भाग शोधा, ज्यात मध्येच बेट नाही, मोठा खडक नाही, बाजूनं व्हाळ (ओढा) येऊन मिळत नाही. आपल्याकडे इथे एक फसगत होते. पावसाळा संपला की वसंत बंधाऱ्यांच्या फळ्या बसवतात आणि बंधाऱ्यामागे पाणी लांबवर तुंबून राहतं. वरून नदी वाहती दिसते, पण लिंबू टाकलं की ते तिथेच बसून तुमच्याकडे बघत राहतं. म्हणून बंधाऱ्याच्या बरंच खाली किंवा फुगवटा संपतो त्याच्या वर जागा घ्या. वाळवंटीच्या वरच्या अंगाला अंजुणे धरण आहे. तिथून पाणी सोडणार आहेत का, हे त्या दिवशी सकाळी विचारून घ्या.

पंचायतीला लेखी कळवा. अभयारण्याच्या हद्दीत असाल तर वनखात्याची परवानगी लागते, म्हादई नदीच्या वरच्या भागात हे हमखास येतं. पिण्याच्या पाण्याच्या प्रकल्पाच्या वरच्या अंगाला, म्हणजे उदाहरणार्थ खांडेपार नदीवर ओपाच्या वर, मीठसुद्धा विचारल्याशिवाय टाकू नका. आणि काठावर कपडे धुणाऱ्या बायांना, आंघोळीला आलेल्यांना आधी सांगा की आम्ही काय करतोय. नाहीतर ‘नदीत काहीतरी टाकताहेत’ ही बातमी तुमच्या लिंबाच्या आधी खालच्या गावात पोहोचते. आम्हाला एकदा एका गृहस्थांनी वाड्यावर चौकशीला बोलावलं होतं. करणी नाही, भूगोल आहे, हे पटवायला चहाचे दोन कप लागले. पिवळी लिंबं पाण्यात सोडताना बघून त्यांना दुसरं काय वाटणार!

पात्राचं माप

दोरीवर दर मीटरला गाठ मारा. दोरी या काठापासून त्या काठापर्यंत पाण्याच्या अगदी वर ताणून बांधा आणि प्रत्येक गाठीखाली खुणा केलेल्या काठीनं खोली मोजा. चिखल असेल तर काठीच्या टोकाला पत्र्याची चकती ठोका, नाहीतर काठी चिखलात रुतून खोली जास्त भरते. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशी तीन ठिकाणी मापं घ्या आणि सरासरी काढा.

समजा पात्र आठ मीटर रुंद आहे. त्याचे दोन-दोन मीटरचे चार पट्टे पाडले आणि सरासरी खोली अनुक्रमे ०.२, ०.५, ०.६ आणि ०.३ मीटर निघाली. म्हणजे पट्ट्यांचं क्षेत्रफळ ०.४, १.०, १.२ आणि ०.६ चौरस मीटर, एकूण ३.२. हे आकडे हाताशी ठेवा, पुढे लागतील.

लिंबं सोडणं

माणसं पाच लागतात. एक वर सोडणारा, एक सुरुवातीच्या रेषेवर हात खाली करून ‘गेलं!’ ओरडणारा, एक शेवटच्या रेषेवर घड्याळ घेऊन, एक लिहिणारा आणि एक खाली जाळं धरून. शेवटचा माणूस सगळ्यांत महत्त्वाचा आणि त्यालाच कोणी तयार होत नाही. जुनं मासे धरायचं जाळं किंवा कांद्याची रिकामी पोती पात्रभर आडवी धरली तरी चालतं.

लिंबू सुरुवातीच्या रेषेच्या पाच-सहा मीटर वरून सोडा, म्हणजे रेषा ओलांडेपर्यंत ते प्रवाहाच्या वेगाला आलेलं असेल. फेकू नका, हात पाण्यात घालून अलगद सोडा. प्रत्येक पट्ट्यात निदान पाच लिंबं, एका वेळी एकच. सकाळी दहाच्या आत काम आटपा, वारा पडलेला असतो.

वहीत प्रत्येक लिंबाची वेगळी ओळ हवी: पट्टा, लागलेले सेकंद आणि वाटेत काय झालं. ‘वाटेत काय झालं’ हा रकाना मुलं रिकामा सोडतात. खरी नदी तिथेच असते. ‘मुळात अडकलं’, ‘भोवऱ्यात तीन फेऱ्या मारून सुटलं’, ‘आलंच नाही’. न आलेलं लिंबू मोजणीतून वगळायचं नाही, त्याची वेगळी नोंद ठेवायची. वीसपैकी तीन लिंबं काठाच्या मुळांत अडकली तर तिथेच खालच्या बाजूला पिशव्या आणि बाटल्याही अडकलेल्या दिसतील. जाऊन बघा.

आता हिशेब. समजा पट्ट्यांत मधलं लिंबू, म्हणजे पाचांतलं तिसरं, पन्नास मीटर जायला २५०, १२५, १०० आणि १६७ सेकंद घेतं. सरासरीपेक्षा हे मधलं माप बरं, एखादं अडकून आलेलं लिंबू त्याला बिघडवत नाही. वेग झाले सेकंदाला ०.२, ०.४, ०.५ आणि ०.३ मीटर. प्रत्येक वेगाला त्याच्या पट्ट्याच्या क्षेत्रफळानं गुणा: ०.०८, ०.४०, ०.६० आणि ०.१८. बेरीज १.२६. पृष्ठभागावरचं पाणी खालच्यापेक्षा वेगानं जातं, म्हणून या बेरजेला ०.८५ नं गुणायची प्रथा आहे. उत्तर १.०७ घनमीटर, म्हणजे सेकंदाला १,०७० लिटर पाणी.

चारही वेगांची सरळ सरासरी काढून एकूण क्षेत्रफळाला गुणलं असतं तर ०.९५ आलं असतं. पाणी कमी दाखवलं असतं, कारण खोल पट्टाच वेगवानही असतो आणि सरळ सरासरीत त्याचं वजन हरवतं.

तो ०.८५ चा आकडा मात्र डोळे मिटून घेऊ नका. उथळ, गोट्यांच्या तळावर तो बराच कमी असतो. इथे अधांतरी लिंबं उपयोगी पडतात. त्याच पट्ट्यात ती सोडा. ती पृष्ठभागाला चिकटून न राहता वरखाली होत जातात, म्हणून त्यांचा वेग त्या उभ्या थराच्या सरासरीच्या जवळ असतो. अधांतरी लिंबाचा वेग भागिले तरंगत्या लिंबाचा वेग, हा तुमच्या नदीचा स्वतःचा आकडा. पुस्तकातल्यापेक्षा मला तो जास्त भरवशाचा वाटतो. अट एकच: पाणी लिंबाच्या आकाराच्या निदान दहापट खोल हवं, नाहीतर लिंबू तळाला घासत जातं.

पूल जवळ असेल तर आणखी एक सोपी युक्ती. पुलावरून मोबाइल स्थिर धरून व्हिडिओ काढा आणि वरच्या अंगाला मूठ-दोन मूठ कुरमुरे भिरकावा. काठावर मोजलेल्या अंतराच्या दोन खुणा चित्रात दिसायला हव्यात. घरी येऊन व्हिडिओ सेकंद-सेकंद पुढे सरकवत प्रत्येक भागातल्या कुरमुऱ्यांचा वेग काढा. कुरमुरे वाऱ्याला लवकर बळी पडतात आणि मासे उरलेला पुरावा खातात, तरी पात्रात भोवरे कुठे आहेत ते यातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं लिंबातून दिसत नाही.

मिठाची साक्ष

लिंबानं तरंगत्या वस्तूंची गोष्ट सांगितली. विरघळलेल्या पदार्थाची मीठ सांगेल. यासाठी पाण्याची विद्युतवाहकता दाखवणारा पेनासारखा मीटर लागतो, तो ऑनलाइन मिळतो. आमच्याकडे हिवाळ्यात नदीच्या पाण्यात तो शंभराच्या आत मायक्रोसीमेन्स (वाहकतेचं एकक) दाखवतो, म्हणजे पाणी इतकं मऊ की थोडं मीठही चटकन कळतं.

आधी मीटरची ओळख करून घ्या. दहा लिटर नदीच्या पाण्यात एक ग्रॅम मीठ विरघळवलं की लिटरला शंभर मिलिग्रॅम होतं आणि मीटर साधारण दोनशेनं वर जातो. म्हणजे एक मिलिग्रॅमला दोन. तुमचा मीटर वेगळं सांगत असेल तर तुमचा आकडा वापरा. एकदा मी उसना आणलेला मीटर न तपासता वापरला आणि उत्तर आलं ते मांडवीसारख्या मोठ्या नदीलाही शोभलं नसतं.

दोन किलो साधं मीठ बादलीत पूर्ण विरघळवून घ्या. न विरघळलेले खडे तळाला जाऊन बसतात आणि हळूहळू झिरपत राहतात. बादली मधल्या धारेत एका झटक्यात रिकामी करा आणि मीटरवाला माणूस खाली रुंदीच्या पंचवीसपट अंतरावर उभा करा. आठ मीटरच्या पात्रात म्हणजे दोनशे मीटरवर. त्याहून जवळ मीठ पात्रभर मिसळलेलं नसतं. दर पाच सेकंदांनी आकडा लिहा. आधी काही होत नाही, मग आकडा चढतो, शिखर गाठतो आणि सावकाश, फार सावकाश उतरतो. तो मूळ जागी येईपर्यंत हलायचं नाही. ही शेपटी कंटाळवाणी आहे, पण सगळं गुपित तिच्यातच असतं.

मूळ आकड्यापेक्षा झालेली प्रत्येक वाढ लिहून बेरीज करा. समजा ती ७५० आली. पाच सेकंदांनी गुणून ३,७५०, दोननं भागून १,८७५. दोन किलो म्हणजे वीस लाख मिलिग्रॅम, त्याला १,८७५ नं भागलं की सेकंदाला १,०६७ लिटर. लिंबानं १,०७० सांगितलं होतं. खऱ्या नदीवर दोन्ही आकडे इतके जुळले तर वहीवर शंका घ्या. दहा-पंधरा टक्क्यांचा फरक हा प्रामाणिक फरक.

आता त्या आलेखाची रुंदी बघा. मीठ एका क्षणात ओतलं होतं, खाली ते काही मिनिटं येत राहिलं. याला पसरण म्हणतात. २०० आणि ४०० मीटरवर दोन मीटर लावले, सरासरी पोहोचण्याची वेळ ६०० आणि १,२०० सेकंद आणि वेळेचं प्रमाण विचलन (सरासरीच्या दोन्ही बाजूंना वेळा किती पसरल्या त्याचं माप) ७० आणि ११० सेकंद निघालं असं धरू. दोन्ही विचलनांच्या वर्गांतला फरक ७,२००. त्याला दोन ठिकाणांमधल्या ६०० सेकंदांनी भागा, १२. निम्मे करा, ६. वेगाच्या वर्गानं, म्हणजे ०.३३३ च्या वर्गानं गुणा, सुमारे ०.६७ चौरस मीटर प्रति सेकंद. हा पसरणीचा गुणांक.

याचा उपयोग काय? समजा वर कुठेतरी एक टँकर कलंडला. तीन तासांनी ते पाणी ३.६ किलोमीटर खाली पोहोचेल. तोवर तो पट्टा किती लांब होईल? गुणांकाची दुप्पट गुणिले १०,८०० सेकंद, त्याचं वर्गमूळ: १२० मीटर. याच्या चौपट, सुमारे ४८० मीटर, म्हणजे बहुतेक सगळा पट्टा. एका सेकंदाला ०.३३ मीटर या वेगानं तो तिथून जायला चोवीस मिनिटं लागतील. खालचा पंप निदान तेवढा वेळ बंद ठेवायचा. प्रत्यक्षात जास्तच, कारण डोह आणि काठाची झुडपं थोडं थोडं अडवून ठेवतात आणि नंतर सोडतात. तीच ती शेपटी.

तांबडं पाणी

गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी २०१२ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं थांबवल्या, मध्ये चालू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, २०२४ मध्ये काही पुन्हा सुरू झाल्या. ढिगारे मात्र आहेतच आणि पहिल्या पावसात पाणी तांबडं होणं डिचोली-सत्तरीला नवं नाही. ही माती कशी जाते हे लिंबू सांगू शकत नाही.

कण किती बारीक यावर सगळं ठरतं. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण एक मीटर खाली बसायला आपल्या कोमट पाण्यात दोनेक मिनिटं घेतो. ०.०१ मिलिमीटरचा अडीच तास. ०.००१ मिलिमीटरचा दहा-अकरा दिवस, तेही पाणी अगदी निश्चल असेल तर. १८५१ साली भौतिकशास्त्रज्ञ स्टोक्सनं मांडलेल्या नियमाचा हा अर्थ: आकार दहापट लहान झाला की बसण्याचा वेग शंभरपट घटतो. त्या अकरा दिवसांत पाणी समुद्राला जाऊन आलेलं असतं.

घरी दोन उंच काचेच्या बरण्यांत सारखंच तांबडं पाणी भरा. एकीत लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ घालून ढवळा, दुसरी तशीच. तासाभरानं बघा. खाऱ्या बरणीत माती कापसासारखे पुंजके करून खाली उतरते, वर पाणी निवळायला लागतं. गोडी बरणी अजून चहासारखीच. खाडीत नेमकं हेच होतं. सत्तरीहून बिनबोभाट आलेली बारीक माती खारं पाणी भेटलं की पुंजके करून खाडीतच बसायला लागते. म्हणून तिथे तांबड्या मातीचा माग काढायचा असेल तर पाण्यात ट्रेसर सोडण्यापेक्षा तळाचा गाळ तपासणं शहाणपणाचं. बंदरांतला गाळ कुठे जातो हे शोधायला भाभा अणुसंशोधन केंद्रानं किरणोत्सारी स्कँडियम-४६ घातलेली काचेची पूड वापरली आहे. तिचं अर्धायुष्य ८४ दिवसांचं, म्हणून ती काम झालं की विझत जाते. हे आपल्या आवाक्यातलं नाही, पण तत्त्व तेच: गाळासारख्याच आकाराचा आणि वजनाचा, पण ओळखू येणारा कण.

गोट्यांचा पावसाळा

इथे घाई चालत नाही. आधी त्याच पात्रातले गोटे निवडा. काठ ते काठ चालत, खाली न बघता बुटाच्या टोकाला लागेल तो गोटा उचला, मधली रुंदी (सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत आखूड मापांच्या मधली) मोजा, असे शंभर. नद्यांचे अभ्यासक एम. गॉर्डन वोल्मन यांनी १९५४ मध्ये रूढ केलेली ही पद्धत आहे. ‘खाली न बघता’ याला महत्त्व आहे, बघितलं की हात सुंदर गोट्याकडेच जातो. शंभरांतल्या मधल्या आकाराच्या आसपासचे साठ-सत्तर घरी आणा. जांभा घेऊ नका, तो सच्छिद्र, वजनाला हलका आणि धडका खाऊन फुटतो.

ब्रशनं घासून धुवा, दोन दिवस उन्हात सुकवा, मग अस्तराचा एक हात आणि पिवळ्या ऑइल पेंटचे दोन हात. वर क्रमांक आणि आकार लिहा, दोन बाजूंना. आम्ही पहिल्या वर्षी अस्तर गाळलं आणि डिसेंबरात सापडलेल्या गोट्यांवर रंगाचे नुसते डाग होते, एकाचाही क्रमांक वाचता आला नाही. पैसे असतील तर गोट्याला भोक पाडून आत गुरांना लावतात तसली रेडिओ चिप बसवतात. मग वाळूखाली पुरलेला गोटाही वरून यंत्र फिरवून सापडतो.

मे महिन्यात, पहिल्या पावसाच्या आधी, दोन्ही काठांवरच्या न हलणाऱ्या खुणांमध्ये दोरी ताणून त्या रेषेवर गोटे ठेवा. नुसते वर ठेवायचे नाहीत. तिथला एक गोटा उचलायचा आणि त्याच्या खड्ड्यात आपला बसवायचा, शेजाऱ्यांना खेटून. वर ठेवलेला गोटा पहिल्याच पाण्यात सुटतो आणि नदी फार जोरदार आहे असा गैरसमज करून देतो. प्रत्येकाची जागा दोरीवरच्या गाठीप्रमाणे लिहा, फोटो काढा.

डिसेंबरात परत या. रेषेपासून सुरुवात करून खाली, दोन्ही काठ, आणि विशेष करून वळणाच्या आतल्या बाजूचे वाळूचे पट्टे. सगळे मिळणार नाहीत, निम्मे मिळाले तरी समाधान माना. कोणता किती गेला ते आकाराप्रमाणे मांडा. जागचे न हललेलेही लिहायचे. तिथून रेती काढत असतील तर मात्र गोट्यांच्या प्रवासाचं श्रेय नदीला देऊ नका.

भरतीच्या हद्दीत

मांडवीत भरती-ओहोटी मुखापासून सुमारे पन्नास किलोमीटर आत, गांजे गावाच्या आसपास जाणवते. त्या हद्दीत वरचं जवळजवळ काहीच लागू पडत नाही. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या. पणजीला सोडलेलं लिंबू ओहोटीला मिरामारकडे निघतं आणि सहा तासांनी रायबंदरच्या दिशेनं परत येऊ शकतं. शिवाय खाऱ्या पाण्याची घनता जास्त, म्हणजे बादलीत अधांतरी ठरलेलं लिंबू इथे तरंगायला लागतं. खाडीतल्या प्रयोगाची बादली खाडीच्याच पाण्यानं भरायची, ती यासाठी. कुंभारजुव्याचा कालवा मांडवी आणि झुआरी या नद्यांना जोडतो, त्यामुळे एका नदीत सोडलेलं दुसरीत निघणंही अशक्य नाही. त्या कालव्यात मगरी आहेत. तिथे पाण्यात पाय घालायचा नाही, होडीतूनच काम.

इथे लिंबू पुरत नाही, तरंगता सांगाडा करा. बांबूच्या दोन कामट्यांचा क्रूस, त्याखाली पाण्यात बुडणारी कापडाची चार शिडं, तळाला एक दगड आणि वर एक छोटा झेंडा. शिडं मोठी आणि झेंडा छोटा, म्हणजे पाणी ओढेल आणि वारा ओढणार नाही. जलरोधक डबीत जुना मोबाइल ठेवून त्यावर मार्ग नोंदवणारं कुठलंही ॲप चालू करा. सांगाड्यावर आपला फोन नंबर रंगवा, मासे धरणाऱ्या होडीवाल्यांना आधी सांगून ठेवा. भरती-ओहोटीच्या तक्त्यातल्या वेळा पणजीच्या असतील तर आत जाल तसा उशीर धरा. आणि पूर्ण एक चक्र, म्हणजे साडेबारा तास, सांगाडा पाण्यात राहू द्या. सहा तासांवर उचललात तर खाडी फक्त एकाच दिशेला वाहते असं तुमची वही सांगेल.

तांबडी माती लागलेला बांबू, भिजलेलं कापड, जाळ्यात परत आलेली लिंबं: सोडलेलं किती आणि परत आलेलं किती, हे दोन आकडे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून मगच गाडी सुरू करा. परत आलेल्या लिंबांचं लोणचं घालू नका, नदीचं पाणी प्यालेली असतात. झाडाच्या मुळाशी घाला.